आबांनी बँड घरी ठेवला

आमच्या आबांनी या जगात मनापासून विश्वास ठेवला तो फक्त स्वतःच्या संशयावर. धुळ्याच्या देवपुरात राहणारे हे माझे सीनियर वकील. ऑफिसला कुलूप लावलं की ते ओढून बघत, मग मला ओढायला लावत, आणि मी ओढलं की "जोरमा ओढ ना!" म्हणत पुन्हा स्वतः ओढत. न्यायाधीश हसले की आबांचा चेहरा पडे. हसरा न्यायाधीश हटकून अर्ज फेटाळतो, असं त्यांचं मत. चहा चांगला झाला तर टपरीवाल्याला विचारत, "काय काम शे रे भो मनाकडे?"

जळगाव-धुळ्याच्या काही वकिलांच्या ऑफिसांनी मिळून ठरवलं, की ज्यांच्या घरात कधी कुणी काळा कोट घातला नाही अशा नुकतीच सनद मिळालेल्या मुलामुलींना आपापल्याकडे घ्यायचं आणि वकिली शिकवायची. आबा म्हणाले, "हाऊ बठ्ठा फोटोना खेळ शे." म्हणजे सगळं पेपरात फोटो छापून येण्यासाठी. तरी मला त्यांनी ठेवून घेतलं. मी सातपुड्याच्या पायथ्याची; पाऊस झाला तर शेती, नाहीतर मोहाची फुलं नि मजुरी. वाटलं, नशीब उघडलं. पण दोन वर्षं कोर्टात मी एकच वाक्य बोलत होते, "सीनियर दुसऱ्या कोर्टात आहेत, तारीख मिळावी." आई विचारी, "तू भांडतेस कधी?" हा उन्हाळा बघायचा आणि गावी परतायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात या ऑफिसांची बैठक जळगावच्या पिंप्राळ्यात भरली. आबांनी एकेकाची उलटतपासणीच घेतली. "तुमच्याकडची पोरं कोर्टात तोंड उघडतात, का नुसत्या फायली वाहतात?" जळगावच्या एका वकिलाने हळूच विचारलं, "आबा, तुमच्याकडची ताई कधी बोलली?" आबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. परतताना ही एस.टी. धुळ्यालाच जाते ना, हे त्यांनी कंडक्टरला एकदाही विचारलं नाही, तेव्हा मला खरोखर त्यांची काळजी वाटली.

पुढच्याच आठवड्यात आमच्या एका पक्षकार बाईचा बांधाचा दावा होता. बांध सरकवणाऱ्या शेजाऱ्याची उलटतपासणी घ्यायची होती. "आबा, तुम्हीच उभे ऱ्हावा," बाई काकुळतीने म्हणाली. पुकारा झाला. मी सवयीने तारीख मागायला उठले, तर आबा शेजारीच बसलेले! अंगात कोट, पण गळ्यात पांढरा बँड नाही. बँडशिवाय वकिलाला कोर्टात बोलता येत नाही.

"आबा, बँड?"

"घर ठेई उनू," ते स्वतःकडेच बोट दाखवत कुजबुजले. "मनावर मना भरोसा नही. बँड ऱ्हाता ते मीच उभा ऱ्हातू. तू बोल."

मी बोलले. आधी आवाज फुटेना, मग थांबेना. शेवटी शेजाऱ्याने बांध सरकवल्याचं कबूल केलं. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "इतका पटकन कबूल झाला? काहीतरी काळंबेरं शे." पण त्या दिवशीचा चहा त्यांनी काही न विचारता प्यायला.

आता गुडघ्यांमुळे आबा कोर्टात येत नाहीत. संध्याकाळी फोन मात्र येतो. "आज खरंच तूच बोलनी ना?" मीच बोलले म्हटलं तरी शपथ घ्यायला लावतात. मी घेते. पुकारा झाला की अजूनही माझी मान शेजारच्या खुर्चीकडे वळते. तिथे दुसरेच कुणी वकील बसलेले असतात, व्यवस्थित बँड लावून, आणि मला उगाचच भरून येतं.