कोपऱ्यापलीकडचा धोंडिराम

नाहूरचा धोंडिराम परब एके काळी गिरणी कामगारांच्या नाटकांत राजा व्हायचा, राक्षस व्हायचा. आता बासष्टाव्या वर्षी मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत तो नुसता उभा राहायचा. तिथले लोक समोरच्या भिंतीवर लेझर मारत. भिंतीवरून विखुरलेला उजेड कोपऱ्याआड उभ्या धोंडिरामवर जाई, त्याच्या अंगावरून पुन्हा भिंतीवर येई, आणि त्या उरल्यासुरल्या उजेडातून यंत्र त्याची आकृती जुळवी. बारा मिनिटं हात पसरून, भिंतीकडे तोंड करून, न हलता. दिवसातून आठ वेळा. गुडघे कधीच थकले होते.

“पुतळा आणलाय ना, तोच ठेवू या,” मदतनीस सर्वेश म्हणाला. “हलत नाही, चहा मागत नाही.”

“आज काकाच,” प्रमुख स्वरदा मॅडम म्हणाल्या. “पैसे देणाऱ्या पाहुण्यांना जिवंत माणूस दाखवायचाय. आज दिसला नाही तर प्रकल्प बंद, सर्वेश. काकांचं कामही.”

दिवे मालवले. धोंडिरामनं हात पसरले. सातव्या मिनिटाला पाठीमागच्या कापडी आडोशापलीकडे खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं, आणि त्याला कळायच्या आत त्याचे पाय वळले. प्रेक्षक आले की त्यांना पाठ दाखवायची नाही, हे अंगात चाळीस वर्षं मुरलेलं.

यंत्राच्या पडद्यावर आकृतीऐवजी धुराचा लोट उमटला.

“आत दोन माणसं आहेत का?” एका पाहुण्यानं विचारलं.

“एकच. हलले ते,” मॅडम खोटं बोलल्या नाहीत. “चहा घ्या, पुन्हा दाखवते.”

“काका, वाट लावलीत!” सर्वेश दबक्या आवाजात ओरडला. “राजासाहेब, दरबार इकडे नव्हता!”

“काका, परत जमेल?” मॅडमनी विचारलं.

धोंडिरामनं भिंतीला हात लावून श्वास घेतला. हो म्हटलं असतं तर त्या त्याच्यासाठी थांबल्या असत्या. “नाय बाई. पाय आता माझं ऐकत नाहीत. पुतळा ठेवा.”

त्यानंच तो उचलून आणला आणि त्याचे हात वळवत त्यालाच म्हणाला, “अरे, हात खांद्याच्या वर घे. पंजा उघडा ठेव. तोंड भिंतीकडे... हां.” उजेड नीट परतावा म्हणून आपला पांढरा सदरा काढून त्याच्या अंगात चढवला आणि बनियनवरच मागच्या खुर्चीत येऊन बसला.

आत आता पुतळा आहे, हे मॅडमनी पाहुण्यांना सांगितलं. बारा मिनिटांनी पडद्यावर हात पसरलेली आकृती स्वच्छ उमटली. टाळ्या पडल्या. धोंडिरामनंही दोन वाजवल्या आणि गुडघा चोळत राहिला.