शोषखड्ड्याची परीक्षा

‘शाश्वत विकास’ हे शब्द कानावर पडले की मला हल्ली किळस येते. आणि पगार मात्र त्याच शब्दांचा घेतो.

गंगापूर रोडवरच्या एका केंद्रात मी गवंडीकाम शिकवतो. पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं कसं, हाही धडा असतो. त्यासाठी अंगणात नमुन्याचा शोषखड्डा आहे: तळाशी दगड, त्यावर खडी, वर वाळू, शेजारी निळे बाण काढलेला फलक. पाहुणे आले की तिथेच फोटो निघतात. छताचा पाइप मात्र त्याला जोडलेलाच नाही. उद्घाटनाच्या घाईत तो इमारतीमागून सरळ गटारीत सोडला, तो तसाच राहिला. मी एकदा केंद्राच्या साहेबांच्या कानावर घातलं, मग गप्प बसलो. लाज वाटायला हवी होती, पण सवय झाली.

मागच्या तुकडीत त्र्यंबकेश्वरकडची एक बाई होती. उभा जन्म घमेली वाहण्यात गेलेला. हे प्रमाणपत्र मिळालं की मुकादम तिला गवंडी म्हणून घेणार होता. तिचा हात असा बसलेला की डिप्लोमावाली पोरं तिच्यापुढे पाणी भरतील.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. चहा पीत, फलकाकडे बोट दाखवत त्यांनी तिला विचारलं, “छतावरचं पाणी कुठे जातं?”

“गटारीत जातं, सर.”

ते हसले. “नीट बघून सांग.”

“बघूनच सांगते. पाइप मागं हाय. या खड्ड्यात पाण्याचा थेंब येत नाय. चला, दावते.”

ते तिच्यामागून गेले, पाइप पाहिला, परत आले आणि माझ्याकडे बघू लागले. मी खरं बोललो असतो तर केंद्राची मान्यता धोक्यात आली असती. निदान तेव्हा मी स्वतःला तसं पटवलं.

“परीक्षेत नमुना बरोबरच धरायचा असतो,” मी म्हणालो. माझाच आवाज मला शिसारी आणत होता.

त्यांनी तोंडी परीक्षेत शून्य टाकलं, म्हणजे ती नापास. गुणपत्रिकेखाली माझी सही लागते. मी केली.

ती हात धुऊन आली. रडली नाही, भांडली नाही. “पुढच्या खेपेला काय सांगू, सर?” एवढंच तिने विचारलं.

“शोषखड्ड्यात जातं, असं सांग,” मी म्हणालो.