मुलाकडचं कुणी नाही

‘फोटोत मुलाकडचं कुणीच नाही. मग हे लग्न कशावरून?’

व्हिसाच्या कचेरीत काचेपलीकडच्या गोऱ्या साहेबानं इंग्रजीत विचारलं. शेजारच्या दुभाषी बाईंनी मराठीत सांगितलं. मी खरं तेच बोलले. आम्ही बौद्ध. नवरा मराठा. त्याच्या घरच्यांना हे लग्न मान्य नाही, म्हणून कुणी आलं नाही. बाईंनी माझं आडनाव पुन्हा वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

‘म्हणजे तुम्ही त्यांच्यातल्या का?’

हे साहेबानं विचारलं नव्हतं. हे बाईंचं स्वतःचं. मग त्याच्याकडं वळून म्हणाल्या, ‘सम फॅमिली प्रॉब्लेम.’

झालं. पिढ्यानपिढ्या गावाबाहेर काढल्या आम्ही, ते एवढ्यात उरकलं. मला इंग्रजी कळत होतं. पण तोवर साहेबानं पुढचा कागद ओढला होता.

मी बोरी बुद्रुकची. आळेफाट्याच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. सागर आळ्याचा, बड्या शेतकऱ्याचा मुलगा. कॉलेजात जमलं. लग्न विहारात लागलं, पांढऱ्या साडीत, पंचशील म्हणून. रजिस्टरही केलं. मग तो परदेशी कारखान्यात मशीनवर कामाला गेला. बायको म्हणून मला तिथं राहायचा परवाना मिळावा, एवढंच मागायला मी त्या काचेसमोर बसले होते.

नकार आला. अर्जदाराच्या समाजात लग्न हा दोन्ही घरांचा मोठा सोहळा असतो, असं त्यात होतं. इथं मुलाचे आईवडील नाहीत, रूढीप्रमाणे विधी दिसत नाहीत. सबब हे लग्न परवान्यासाठी केलेलं वाटतं.

वा रे शहाणे. साता समुद्रापलीकडं बसून यांना आमचा समाज कळला. कुणी कळवला? ज्यांच्या पंगतीत आमचं पान कधी मांडलं नाही, त्यांनीच. ते आले तर लग्न. नाही आले तर आम्ही लबाड. रजिस्टरचा दाखला जोडला होता, त्याला कुत्रं विचारत नाही.

काही दिवसांनी सागरचा फोन आला. खुशीत होता. त्याचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणतात, तयार झाले होते. जाऊन भेट म्हणाला. गेले. त्या घरी पहिल्यांदाच.

आबा शुगर तपासायला आमच्याच लॅबमध्ये येतात. सुईसाठी दंड पुढं करताना त्यांना काही आठवत नाही. दारात मात्र सगळं आठवलं. माझी खुर्ची अंगणात टाकली. स्वतः ओट्यावर बसले.

म्हणाले, लगीन परत लावू, आमच्या पद्धतीनं. फोटोत ते बसतील, सासूबाई बसतील. मांडव कांद्याच्या चाळीमागं घालू, गावाला कळायचं कारण नाही. फोटोग्राफरही लांबचा आणू. मी ऐकत होते. सागरकडं जायचं होतं मला, म्हणून ऐकत होते. मग विचारलं, आईदादांना कधी घेऊन येऊ?

आबांनी मान हलवली.

‘त्यांचं काय काम? मंचरचं एक जोडपं हाय आमच्या नात्यातलं. ते बसतील तुजे आईबाप म्हणून. फोटोत कोण वळखतंय?’

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, ‘दिसायला बी बरी हाईत.’

माझे वडील, दादा, शाळेत शिपाई होते. मला शिकवायला सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या द्राक्षबागेत राबले. आईनं टोमॅटोची क्रेटं भरली. आणि आता माझे आईबाप मंचरवरून येणार. दिसायला बरे.

मी उठले.

‘आबा, लग्न झालंय माझं. तुमी आला न्हवता.’

मागून आबा म्हणाले, ‘मग बस हितंच.’

सागरला सगळं सांगितलं. त्याला राग येईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, ‘फोटोपुरतंच आहे गं. एक दिवस सोस, मग कायमची सुटशील.’

मी विचारलं, ‘तिथं लोकांना माझे आईबाप म्हणून कुणाचा फोटो दाखवशील?’

तो तिकडच्या थंडीचं सांगायला लागला.

अपील मी स्वतः लिहिलं, इंग्रजीत. दुभाषी नको होता. नवऱ्याचे आईवडील का आले नाहीत, ते जातीचा शब्द घालून लिहिलं. तू पण तसंच लिहून पाठव, सागरला सांगितलं. त्याचं निवेदन आलं. ‘काही वैयक्तिक कारणांमुळे माझे पालक उपस्थित राहू शकले नाहीत.’ त्यापेक्षा त्या दुभाषी बाई बऱ्या म्हणायच्या. त्या निदान परक्या होत्या.

ते मी जोडलं नाही. अपील फेटाळलं गेलं. आळेफाट्यावर बायाबापड्या हळहळतात, पोरीला व्हिसा मिळाला नाही. चांगल्या घरच्याही हळहळतात. त्यांना लई बरं वाटतं हळहळताना.

पुन्हा अर्ज करता येतो. सागर रोज म्हणतो, कर. मी त्याला सांगितलंय, आधी तू लिही. तुझा बाप लग्नाला का आला नाही ते, जातीच्या नावासकट, तुझ्या सहीनं. ज्याला ते लिहिता येत नाही त्याच्यामागं मी कुठल्याच देशात येणार नाही. घटस्फोट हवा असेल तर तसा माग, तोही मी तोंडावर देईन.

त्या देशानं मला घेतलं नाही, आबांच्या घरानंही नाही, हे खरं. पण आता त्यांनी बोलावलं तरी मी अशी, आईबाप लपवून, जाणार नाही.