डोळ्यामागचा पडदा

अंधेरीला आमच्या शेजारी एक डॉक्टर राहायचे. डोळ्यामागच्या पडद्याच्या रोगांवर त्यांचं संशोधन चाले. कुणी भेटलं की नमस्काराआधी ते त्याच्या डोळ्यांत डोकावत.

वेसाव्याची एक कोळीण तीन वर्षं त्यांच्याकडे येत होती. तिची नजर जात चालली होती. तपासताना दिवा धरायला मी असे.

"काय सुंदर पडदा आहे," डॉक्टर एकदा हरखून म्हणाले. "असा रोग लाखात एखाद्यालाच होतो."

"मंग औषध?" तिनं विचारलं.

"औषध अजून निघालं नाही."

"मंग इतकी वर्सं काय बघत होतात?"

डॉक्टर उठले. तिचा हात धरून तिला बसपर्यंत सोडून आले. मग त्यांनी वही उघडली. पानापानावर तिच्याच डोळ्यांची चित्रं होती.

"अहो," त्यांनी मला हळूच विचारलं, "बाईंचं नाव काय?"