नळीतला तिरपा बर्फ

प्रयोगशाळेत तिला सगळे घड्याळबाई म्हणत, पण तिच्या तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. बावीस वर्षं ती तिथे रक्त घेत होती. रक्त घेतलं की नळी आठ वेळा हळूच उलटीसुलटी करायची, अर्ध्या तासाच्या आत मशीनमध्ये फिरवायची, वर आलेलं पिवळसर पाणी खालच्या लाल थराला धक्का न लावता काढायचं, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत भरायचं आणि उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये त्या उभ्या ठेवायच्या. रक्तातली प्रथिनं मोजायची तर एवढं करावंच लागतं, कारण त्यांना ना उशीर सोसतो ना ऊब. एवढी साधी गोष्ट ज्यांच्या टाळक्यात शिरत नाही, त्यांचा तिला राग यायचा नाही. रागवायचं म्हटलं तर समोरच्याला थोडी तरी किंमत द्यावी लागते.

अशा बिनकिमतीच्या माणसांची तिथे वानवा नव्हती. नवे डॉक्टर नळी खडाखडा हलवायचे. "अहो, रक्त आहे ते, खोकल्याचं औषध नाही," असं म्हणून ती पेशी फुटून वरचं पाणीही लालभडक झालेली नळी त्यांच्या देखत फेकून द्यायची. एका महाभागाने तर पाच जणांचं रक्त कोटाच्या खिशात घालून दोन तास जेवण केलं होतं. त्याला पुढे बढती मिळाली.

या सगळ्यांवर कडी म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख साहेब. दहा वर्षांत त्यांनी सुई हातात धरली नव्हती, माइक मात्र हातातून सुटत नव्हता. मूत्रपिंडाचा एक आजार घराण्यात चालत येतो, तो रक्तातल्या प्रथिनांवरून आधीच ओळखता येतो का, हा त्यांचा अभ्यास. चाळीस आजारी माणसांचं रक्त एका डब्यात, चाळीस धडधाकट माणसांचं दुसऱ्यात. आजाऱ्यांत घड्याळबाईची सख्खी थोरली बहीण होती.

सलाइन लावून लावून ताईच्या शिरा आक्रसल्या होत्या. घड्याळबाईची सुई आयुष्यात पहिल्यांदाच दोनदा चुकली. "घे गं, बिचकू नकोस," ताई म्हणाली. "माझं काय व्हायचं ते झालं. माझ्या लेकीला तरी वेळेवर कळू दे."

नंतर एकदाच घड्याळबाईने रजा घेतली, तीही ताईला दवाखान्यात न्यायला. परत आल्यावर तिने आजाऱ्यांचा डबा उघडला. नळ्या उभ्या होत्या, पण आतला बर्फ तिरपा होता. उभ्या नळीत गोठलेलं पाणी सपाट गोठतं. ते तिरपं दिसलं म्हणजे मधे वितळलं होतं आणि आडव्या नळीत पुन्हा गोठलं होतं.

कारकुनाने सगळं सांगितलं. पाहुणे आले होते. साहेबांनी डबा टेबलावर उघडून ठेवला, एकेक नळी हातात घेऊन फोटो काढले, मग चहा झाला. चांगला तासभर. नळ्या फ्रीझरमध्ये तशाच आडव्या कोंबल्या, त्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी नीट लावल्या. धडधाकट लोकांचा डबा तळाशी होता, तेवढा वाचला.

"साहेब, हा डबा बाद झाला," तिने जाऊन सांगितलं. नोंदवहीतही तिने तसं लिहिलं होतं.

"अहो बाई, गोठलेलं होतं, परत गोठलं. बर्फाचं काय बिघडतं?"

या माणसाच्या दारावरच्या पाटीत पदव्या मावत नव्हत्या.

चार महिन्यांनी तपासणी झाली. दोन्ही डब्यांत तब्बल अकरा प्रथिनांचा फरक निघाला. टाळ्या काय, हार काय, साहेबांचे पाय जमिनीला लागेनात. घड्याळबाई नोंदवही घेऊन पुन्हा त्यांच्या खोलीत गेली.

"हा फरक आजाराचा नाही. एक डबा वितळला, एक नाही, त्याचा आहे."

"तुमचं काम नळ्या भरायचं, बाई. अर्थ लावायचं काम आमचं."

तिने वरच्या समितीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे.' समितीही साहेबांच्याच पठडीतली निघाली.

लेख छापून आला. शेवटी आभार होते: रक्ताचे नमुने अत्यंत काळजीपूर्वक हाताळल्याबद्दल. पुढे तिचं पूर्ण नाव. साहेबांनी तो कागद तिच्यापुढे धरला.

"माझं नाव काढा," ती म्हणाली.

"अहो, लोक नावासाठी मरतात!"

"मरू देत. माझं काढा."

नाव निघालं नाहीच. संध्याकाळी ती ताईकडे गेली, तर भाचीने तो लेख फोनवर शोधून आईला आधीच दाखवला होता. ताई उशीला टेकून बसली होती, तोंडभर हसत होती.

"म्हणजे आता हिची तपासणी या नव्या पद्धतीने होईल ना गं? आजार नाही असं निघालं की मी सुटले."

बावीस वर्षं घड्याळबाईने भल्याभल्यांना तोंडावर मूर्ख म्हटलं होतं, तेव्हा जीभ कधी अडखळली नव्हती. आज अडखळली. पण गप्प बसलं तर पोर त्या खोट्या चाचणीच्या भरवशावर निर्धास्त राहील आणि आपणही साहेबांच्याच रांगेत जाऊन बसू, हे तिला कळत होतं. तिने डबा, चहा, फोटो, तिरपा बर्फ, सगळं सांगून टाकलं.

ताईचं हसू मावळलं. मग तिने बाही वर सारली.

"मग परत घे. आणि या वेळी त्या मुडद्याच्या हाती लागू देऊ नकोस."

घड्याळबाईने तिचा हात मांडीवर घेतला आणि कोपरापासून मनगटापर्यंत बोटांनी चाचपून पाहिला, मग दुसरा पाहिला. सुई शिरेल अशी एकही जागा उरली नव्हती.