मागच्या सीटवरचे वानखडे मिस्त्री

गेल्या डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा, अकोल्यातली जठारपेठ. हजर तिघे: मी, माझी बायको संध्या आणि ज्यांच्याबद्दल हे लिहितो आहे ते गाड्या दुरुस्त करणारे वानखडे मिस्त्री. रक्कम दोन लाख दहा हजार. तेवढ्याला माझी मोटरसायकल घ्यायला आमच्या अमरावतीचेच एक गृहस्थ बुधवारी येणार होते. त्यांना हो म्हणायचं की नाही, हे त्या सकाळी ठरायचं होतं.

गाडी लांबच्या प्रवासाची, चौदा महिने जुनी. लग्नाला पंचवीस वर्षं होतील तेव्हा दोघांनी तिच्यावरून कोकणात जायचं, म्हणून घेतली होती. अडचण एकच. या गाडीत अॅक्सिलरेटरच्या मुठीपासून इंजिनापर्यंत केबल नाही. मूठ किती फिरली ते तारेतून एका छोट्या कॉम्प्युटरला कळतं आणि किती पेट्रोल-हवा सोडायची ते तो ठरवतो. गर्दीत, वळणावर, गतिरोधकापाशी मूठ जराशी उघडली की गाडी बकरीसारखी उडी मारायची आणि मिटली की नाक खुपसायची. दर वेळी संध्याचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटायचं. परतवाड्याहून येताना ती चांदूर बाजारला उतरली, म्हणाली, "तुम्ही या गाडीवर, मी येते एसटीनं," आणि माझ्या आधी घरी पोचली. त्यानंतर ती गाडीवर बसली नाही.

सर्व्हिस सेंटरला तीन खेपा झाल्या, अकरा हजार तीनशे चाळीस रुपये गेले. शेवटी तिथला माणूस म्हणाला की या गाडीचा स्वभावच तसा आहे. मग संध्यानेच आपल्या माहेरच्या, अकोल्याच्या मिस्त्रींचं नाव काढलं. हा रविवार शेवटचा, नाही जमलं तर गाडी विकायची, असं ठरवून आम्ही निघालो. मी गाडीवर, ती रेल्वेने.

वानखडे मिस्त्री सत्तरीला टेकलेले, किडकिडीत, गळ्यापर्यंत बटण लावलेला पांढरा शर्ट. ग्रीसचं काम करणाऱ्या माणसाचा शर्ट इतका पांढरा कसा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी माझी तक्रार सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "चालवनाऱ्याचं मंग आयकतो. आंधी सांगा, मांगं कोन बसते?"

संध्या पुढे झाली. तिचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी माठातून स्टीलचा पेला काठोकाठ भरला, माझ्या मागे बसले आणि पेला हातात धरून म्हणाले, "चाला." ही त्यांची तपासायची रीत. कोणतीही गाडी येवो, ते आधी मागे बसणार, हातात भरलेला पेला. रेल्वेलाइनपर्यंत जाऊन आम्ही परत आलो तेव्हा पेल्यात दोन बोटं पाणी उरलं होतं. बाकीचं त्यांच्या शर्टावर आणि माझ्या पाठीवर होतं. शर्ट झटकत ते संध्याला म्हणाले, "वयनी, तुमी चौदा महिने दम धरला. मी तं पयल्याच चौकात उतरलो असतो."

त्यांची एक गोष्ट तिथेच ऐकली. बार्शीटाकळीचा एक शेतकरी गाडी ओढत नाही म्हणून आला होता. मिस्त्री मागे बसले, पेल्यातला थेंबही हलला नाही. त्यांनी त्याला सांगितलं की गाडी ठीक आहे, तुम्ही उतारावर बसल्यासारखे पुढे सरकून बसता आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवून चालवता. त्याची जाड तळाची चप्पल ब्रेकवर टेकायची, ती बदलायला लावली, काम झालं. "मशीन खोटं नाई बोलत," असं ते वर म्हणाले, "अन् आजकालच्या मशिनी तं जास्तच आयकतात."

मी त्यांच्यापुढे माझी वही ठेवली. त्रेसष्ट झटक्यांची नोंद होती: तारीख, रस्ता, गिअर, वेग, इंजिनचे फेरे, मागे कोण. सर्व्हिस सेंटरमध्ये ती कोणी उघडलीही नव्हती. मिस्त्रींनी चष्मा लावून सगळी वाचली. मी बँकेतला माणूस. कोणी आपली वही अशी बोट ठेवून वाचतो आहे हे पाहूनच मला अर्धं बरं वाटलं.

"मेहनत बम केली तुमी," ते म्हणाले. "पन पाहा, त्रेसष्ट झटके, अन् त्रेसष्टच्या त्रेसष्ट वयनी मांगं असताना. एकटे असले की एकबी नाई. गाडीले कसं समजते बाप्पा, मांगं वयनी हाय म्हनून?"

मी म्हटलं, वजन वाढतं म्हणून असेल. संध्या म्हणाली, "माझं वजन काढू नका."

मिस्त्रींनी मला मूठ धरायला लावलं आणि तिला मागे बसवलं. गाडी बंदच होती. "आता पाहा सोताचा हात." मी पाहिलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. मागे कोणी, त्यातून ती बसली की मी सांभाळून चालवायचो, म्हणजे जरा मूठ उघडायची, लगेच भिऊन पूर्ण मिटायची, पुन्हा उघडायची. पूर्ण मिटलेल्या मुठीतून उघडताना ही गाडी सर्वांत जास्त बिथरते. जुन्या गाडीची केबल माझी धाकधूक पोटात घालायची. ही गाडी त्या धाकधुकीचा शब्द न् शब्द ऐकायची.

"काळजी हाय, ते चांगलं हाय," मिस्त्री म्हणाले. "पन ते मनगटात ठेवू नका. मूठ पुरी झाकाची नाई, रत्तीभर उघडी राहू द्या. गाडी पुढं पळून राहिली वाटलं तं मांगचा ब्रेक हलका दाबा. अंगठा मुठीजवळच्या बटनाच्या डबीले टेकवा, मंग हात हालत नाई."

गाडीतही थोडा दोष होताच. चेन सैल होती, ती त्यांनी ओढली. गाडी पावसाळी मोडवर टाकली, म्हणजे कॉम्प्युटर जरा सावकाश ऐकतो. मग दुसरी फेरी त्यांना घेऊन. अर्धा पेला उरला. तिसऱ्या फेरीला त्यांनी पेला संध्याच्या हातात दिला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे, आणि बसली. त्या फेरीत मी एकदाही मागे वळून 'ठीक आहेस ना?' असं विचारलं नाही. आमची हेल्मेटं एकदाही आपटली नाहीत. परत आलो तेव्हा पाऊण पेला शिल्लक होता. उभ्या उभ्या तिने तो पिऊन टाकला आणि ती म्हणाली, "बुधवारच्या माणसाला सांगा, येऊ नका म्हणून." अमरावतीला आम्ही एकाच गाडीवर परतलो.

कोकणाची फेरी फेब्रुवारीत झाली, एक हजार नऊशे बारा किलोमीटर. परतताना मुद्दाम जठारपेठेत थांबलो तर शटर बंद. मिस्त्री मुलीकडे पुण्याला राहायला गेले होते. तिथे ते कोणाच्या मागे बसत असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

त्या रविवारी मी हजार रुपये पुढे केले होते. चेनचे म्हणून त्यांनी तीनशे खिशात टाकले. उरलेले सातशे मी परत घेऊ लागलो तर म्हणाले, "हे वयनीले द्या. चौदा महिने टेस्टिंग त्याईनं केली." मला वाटलं, थट्टा आहे. संध्याने हात पुढे केला होता. म्हणजे तीनशे मिस्त्रींना, सातशे संध्याला. तिने ते पर्समध्ये ठेवले आणि पावती दिली नाही.