धाग्यानं मापलेला गोटा

आमच्या गावच्या मारुतीसमोर एक काळा गोटा होता, अजूनही असेल. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी तो उचलून खांद्यावर घ्यायचा. खांद्याला टेकला तरच उचलला म्हणायचं, छातीपर्यंत आलेला धरत नसत. एका माणसाला जन्मात तीनच आखाज्या. गोट्याला हात लावला की ती आखाजी मोजली जायची. एखाद्या वर्षी पुढे झालाच नाही तर ते वर्ष मोजत नसत. तिसऱ्यांदा हुकला, की त्यानं पुन्हा त्या गोट्याला शिवायचं नाही.

आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तो उचलला होता. त्यांच्या बापानंही. मी कधी पुढे झालो नाही. मी गवंडी, बारा महिने दगडच उचलतो, सणासुदीला पुन्हा कशाला, असं म्हणून वेळ मारून न्यायचो. खरं म्हणजे मला भीती वाटायची. धाकटा भाऊ मात्र दोनदा पुढे झाला आणि दोनदा हुकला. दुसऱ्या खेपेला गोटा पोटाशी धरून तो इतका वेळ अडकून राहिला, की बघणाऱ्यांनी माना फिरवल्या. त्यानंतर तो गावात खाली मान घालून चालायला लागला. त्याची एकच आखाजी उरली होती.

जर्मनीशी दुसरी लढाई सुरू व्हायच्या जरा आधीची ही गोष्ट, सिमेंट अजून मिळत होतं. त्या साली दसऱ्याच्या सुमारास माझी बायको बाळंतपणात गेली. मूलही गेलं. दिवस उरकले आणि मी कामावर जायला लागलो. मेहरूणच्या अंगाला एका बंगल्याचं काम चाललं होतं, तिथे पायी जायचो, पायी यायचो. लोक म्हणत, बाबा, एकदा रडून घे. आता रडू काय मागवून आणायचं असतं? मला काहीच होत नव्हतं. ताट पुढे आलं की जेवायचो.

दिवाळीनंतर धाकटा म्हणाला, भाऊ, मला घरी सरावाला तसाच गोटा करून दे. मारुतीचा गोटा आखाजीखेरीज उचलायचा नाही आणि देवाचा म्हणून तागडीत तर कधीच घालायचा नाही, त्यामुळे त्याचं वजन गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, वजनाचं काय घेऊन बसलास, माप घेतलं की झालं. मारुतीच्या पाराचा गिलावा दुरुस्त करायच्या निमित्तानं मी गोट्याला आडवा आणि उभा धागा गुंडाळून माप घेतलं. कुंभाराकडून त्या मापाचं मडकं करवून घेतलं. मडक्याची जाडी धाग्यात धरायला हवी हे कुंभाराला सुचलं नाही, मला सुचलं. त्या हुशारीचा मला फार तोरा होता.

आधी सरावापुरता एक लहान गोटा घागरीत ओतला, मग मोठा. ठेकेदाराकडून उरलेलं सिमेंट मागून आणलं, वाळू गिरणेची, खडी मी स्वतः फोडलेली. मडकं गळ्यापर्यंत वाळूत पुरलं, माल भरत गेलो आणि सळईनं ठोकत गेलो. केळीच्या खोडाची ओली सोपटं वर गुंडाळून पंधरा दिवस पाणी मारलं. मडकं फोडलं तेव्हा आत भोक नाही, चीर नाही. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून दाखवायचे, माझ्या मोठ्यानं हुबेहूब केला म्हणून.

धाकट्यानं हिवाळाभर जीव तोडून मेहनत केली. माघात गोटा छातीला आला, होळीच्या आत खांद्याला. मग तो रोज सकाळी उचलायला लागला आणि पुन्हा चारचौघांत बसायला लागला.

आखाजीच्या आदल्या दिवशी बंगल्याच्या पायऱ्या बसवत होतो. एक पायरी काळ्या दगडाची होती. तिच्या जोडीची फुटली म्हणून तेवढ्याच मापाची मी सिमेंटची ओतली होती. जोडीदारानं आणि मी आधी दगडाची उचलली, मग सिमेंटची. सिमेंटची भसकन वर आली. मी ती खाली ठेवायला लावली आणि दोन्ही पुन्हा उचलायला लावल्या. जोडीदार वैतागला. एकाच मापाच्या, पण सिमेंटची बरीच हलकी. इतकी वर्षं दोन्ही हाताळत होतो आणि एवढं साधं माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो तर अंगणात शेजारी जमलेले. धाकट्यानं गोटा लागोपाठ पाच वेळा खांद्यावर घेतला. आबा हसत होते. मला सांगायचं होतं, नाही असं नाही. पण एवढा तोरा मिरवून झाल्यावर आता कुठल्या तोंडानं सांगणार? आणि त्याहून खरं सांगायचं तर मला काही वाटतच नव्हतं. त्यानं हरावं असं वाटलं नाही, त्यानं जिंकावं असंही वाटलं नाही. मूग गिळून बसलो. हातपाय धुतले, जेवलो.

दुसऱ्या दिवशी बायका झोक्यांवर गाणी म्हणत होत्या. धाकट्यानं मारुतीच्या गोट्याला हात घातला, गोटा गुडघ्यापर्यंत आणला आणि तिथेच त्याचं तोंड बदललं. पोटापर्यंत कसाबसा आला आणि निसटला. कुणी हसलं नाही. त्यानं हात धोतराला पुसले आणि घरी गेला. घरचा गोटा त्यानं गोठ्याच्या दाराला टेकण म्हणून लावला.

मी हे पाच-सहा वर्षं पोटात ठेवलं. एकदा केळीला पाणी देत होतो, तेव्हा बांधावर बसून त्याला सगळं सांगितलं. पायरीचं, आदल्या दिवसाचं, माझ्या गप्प बसण्याचं. त्यानं ऐकून घेतलं. शिव्या देईल, फावडं फेकेल म्हणून मी तयारीनं बसलो होतो.

"आदल्या दिशी सांगतलं असतं तर मी हातच लावला नसता, भाऊ," तो म्हणाला. "पुढची आखाजी तर होती ना मले."

एवढं बोलून तो पाणी फिरवायला उठला. मी तिथेच बसून राहिलो. त्यानं मला एक शिवी जरी दिली असती तरी मला बरं वाटलं असतं.